मु. पो. केंद्रक, तालुका कामठी

"गुणसूत्रं कुठे असतात?" नववीतल्या पोराला विचारून बघा. "केंद्रकात!" असं ते झटकन सांगेल आणि एक मार्क पदरात पाडून घेईल. उत्तर बरोबरच आहे. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं, 23 जोड्या, केंद्रकाच्या दुहेरी आवरणाआड. केंद्रकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, आणि आत कोंबलेला डीएनए सरळ ताणला तर जवळपास दोन मीटर! हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती वेढे घेत बसतो, म्हणून मावतो.

पुस्तक इथे थांबतं. खरी गंमत पुढे आहे आणि ती बघायला लांब जायला नको. नागपूरजवळच्या कामठीत एक फेरफटका पुरे. मागावरचं सूत, पानठेल्यावरचा खर्रा, दवाखान्यातला रक्ताचा नमुना, सावजी रश्श्यातली कोंबडी, सिल्लेवाड्याच्या बाजूचा दगड. प्रत्येक ठिकाणी या एका मार्काच्या प्रश्नाचं उत्तर बदलतं.

दहातल्या आठ पेशी बिनगुणसूत्राच्या

रक्तापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा धक्का तिथे आहे. माणसाच्या शरीरात अंदाजे 30 लाख कोटी पेशी असतात. त्यांतल्या दर दहांपैकी आठांहून जास्त पेशी म्हणजे तांबड्या रक्तपेशी. आणि पुरत्या तयार झालेल्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं. करा हिशेब! नुसती डोकी मोजली तर तुमच्या-माझ्या बहुतेक पेशींत एकही गुणसूत्र नाही.

जन्माच्या वेळी मात्र तांबड्या पेशीकडे केंद्रक असतं. अस्थिमज्जेत ही पेशी वाढत जाते, हिमोग्लोबिनने भरत जाते, तसतसं केंद्रक आकसतं, एका कडेला सरकतं आणि शेवटी पेशी ते चक्क बाहेर ढकलून देते. शेजारीच बसलेली भक्षक पेशी ते गिळून टाकते. तुमच्या हाडांच्या पोकळीत दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त वेळा हे घडतं. हा परिच्छेद वाचून होईपर्यंत काही कोटी केंद्रकं गिळून झाली असतील. मोकळ्या झालेल्या जागेत हिमोग्लोबिन, एका पेशीत सुमारे 27 कोटी रेणू. दोन्ही बाजूंनी दबलेली ही लवचिक पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही दुमडून पार होते, 120 दिवस राबते आणि संपते. तिची दुरुस्ती होत नाही, तिचं विभाजन होत नाही. त्यासाठी लागणाऱ्या सूचनाच तिच्यात उरलेल्या नसतात.

मग रक्ताच्या डागावरून डीएनए कसा काढतात? पांढऱ्या पेशींतून. संख्येने त्या फारच थोड्या, पण केंद्रक त्यांच्यात शाबूत असतं. नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत रक्ताळलेला कपडा येतो, तेव्हा ओळख पटवायचं काम त्या मूठभर पांढऱ्या पेशींच्या जिवावर चालतं. केसांचंही असंच. मुळासकट उपटलेल्या केसाच्या मुळाशी केंद्रकवाल्या पेशी मिळतात. सलूनच्या फरशीवर पडलेल्या कापलेल्या केसात धड केंद्रक मिळत नाही, पण तंतुकणिकेतला डीएनए तग धरून राहतो. कारण सगळा वारसा केंद्रकात नसतोच. तंतुकणिकेत डीएनएच्या 16,569 अक्षरांचं एक छोटं वर्तुळ वेगळं असतं, 37 जनुकांचं, आणि ते आईकडून येतं. तुमच्याकडे आलेली ती प्रत आईची, तिच्याकडची आजीची, तिच्याकडची पणजीची.

अकराव्या गुणसूत्राचं टोक

पूर्व विदर्भात सिकलसेल म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. "एएस निघाला" (म्हणजे वाहक), "एसएस आहे" (म्हणजे रुग्ण) ही भाषा आरोग्य उपकेंद्रापासून लग्नाच्या बैठकीपर्यंत पोचली आहे. भारतात या आजाराची पहिली नोंद 1952 सालची, नीलगिरीतल्या आदिवासींमधली. मध्य भारतातला सिकलसेल 1958 साली शुक्ला आणि सोलंकी यांनी नागपुरातून 'लॅन्सेट'मध्ये जगापुढे ठेवला. गोंड, कोलाम अशा आदिवासी समाजांत तो आहे, आणि विदर्भातल्या दलित व इतर मागास समाजांतही आहे.

आता पत्ता बघा. हिमोग्लोबिन दोन ठिकाणच्या सूचनांवर तयार होतं. अल्फा साखळीचं जनुक 16 व्या गुणसूत्रावर, बीटा साखळीचं 11 व्या. या अकराव्या गुणसूत्रात सुमारे साडेतेरा कोटी अक्षरं आहेत. त्याच्या आखूड बाहूच्या टोकाजवळ बीटा ग्लोबिनचं जनुक बसलेलं असतं. तिथे एका ठिकाणी 'ए'ऐवजी 'टी' आला, की प्रथिनात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल जाऊन व्हॅलिन येतं. साडेतेरा कोटींतलं एक अक्षर! ऑक्सिजन सोडल्यावर असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे ताठ दांडे होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. 120 दिवस चालायची ती 10 ते 20 दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी. बारीक वाहिनीत अडकली तर हात, पाय, पाठ, छाती कुठेही असह्य कळा. ज्यांच्या घरात एसएस पेशंट आहे त्यांनी थंडीतल्या रात्री या कळा पाहिलेल्या असतात.

आणि इथेच गुणसूत्रांच्या पत्त्याचा प्रश्न परीक्षेतून उठून दवाखान्यात येतो. बदललेलं ते अक्षर रुग्णाच्या कातडीच्या पेशीत आहे, गालाच्या पेशीत आहे, केसाच्या मुळाशी आहे. फक्त जी पेशी वाकडी होते, तिच्यातच ते नाही! ती केंद्रक टाकून बसलेली आहे. म्हणून बोटाला सुई टोचून जी सोल्युबिलिटी टेस्ट करतात, आणि तिच्यात शंका आली की इलेक्ट्रोफोरेसिस, त्या चाचण्या जनुक बघतच नाहीत, त्या तयार झालेलं हिमोग्लोबिन बघतात. खुद्द अक्षर वाचायचं तर पांढऱ्या पेशी लागतात. पोटातल्या बाळाचं वाचायचं तर गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा अगदी बारीक अंश घेतात, कारण बाळाची गुणसूत्रं तिथेही असतात.

उपचाराचंही तेच. शिरेत वाहणाऱ्या तांबड्या पेशीत जनुक दुरुस्त करायचं म्हटलं तर करणार कुठे? जायचं ते अस्थिमज्जेत, मूळपेशींपर्यंत, जिथे केंद्रक अजून जागेवर आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने मान्यता दिलेला, क्रिस्पर या जनुकबदल तंत्राचा उपचार नेमकं हे करतो. रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढतात आणि त्यांत बदल करून परत देतात. त्यातली खरी कमाल मला वाटते ती ही, की हा उपचार अकराव्या गुणसूत्राला हातच लावत नाही. तो दुसऱ्या गुणसूत्रावरच्या बीसीएल11ए या जनुकाचा जोर कमी करतो. हे जनुक जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करायचं काम करतं. ते मंदावलं की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं आणि वाकडेपणाला आळा बसतो. एसएस बाळाला पहिले काही महिने त्रास का होत नाही, याचंही कारण हेच: गर्भातलं हिमोग्लोबिन अजून अंगात असतं. अमेरिकेत या उपचाराची किंमत सुमारे 22 लाख डॉलर ठेवली गेली. विदर्भातल्या शेतमजुराच्या घरी तो कधी पोचणार, हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या कुठल्याही प्रश्नाइतकाच मोठा आहे. तोवर हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आहेत. त्याही गर्भातलं हिमोग्लोबिनच वाढवतात.

याच आजारातली आणखी एक गोष्ट, पॅथॉलॉजीवाले सोडले तर फारशी कुणाला माहीत नसलेली. केंद्रक बाहेर टाकताना कधी कधी गुणसूत्राचा एखादा कण तांबड्या पेशीत राहून जातो. निरोगी माणसाची प्लीहा अशी पेशी पकडते आणि तो कण काढून घेते. सिकलसेलने प्लीहा निकामी झाली, की ही सफाई थांबते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींत गडद जांभळे गोल ठिपके दिसू लागतात. हॉवेल-जॉली बॉडी म्हणतात त्यांना. काचपट्टीवर एवढा ठिपका दिसला, की पोटाला हात न लावता डॉक्टर सांगतात: प्लीहा काम करत नाहीये. जिथे गुणसूत्र असायला नको तिथे सापडलेला त्याचा एक कण एका अख्ख्या अवयवाची बातमी देतो!

आई आणि वडील दोघेही एएस असतील तर प्रत्येक खेपेला मूल एसएस होण्याची शक्यता 25 टक्के. पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तिन्ही सुटली, असं नसतं. दर खेपेला हिशेब नव्याने. एएसवाल्याला स्वतःला सहसा त्रास नसतो, उलट तीव्र मलेरियापासून त्याला बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. म्हणून तर मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत हे अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकलं.

लुगड्यातल्या पेशी

कामठीत विणकरांची जुनी वस्ती आहे. मागावर चढलेलं सूत हातात घ्या आणि त्यातला एकच तंतू सोडवा. तो संपूर्ण तंतू म्हणजे एक पेशी! कापसाच्या फुलातल्या बीजांडाच्या सालीवरची एक पेशी फूल उमलायच्या दिवसापासून लांबायला लागते, तीन आठवडे लांबतच राहते आणि 25 ते 30 मिलिमीटरवर थांबते. वनस्पतींच्या सगळ्यात लांब पेशींत तिची गणना होते. जिवंतपणी तिच्यात एक केंद्रक असतं आणि त्यात गुणसूत्रं. मग ती आतून सेल्युलोजचे थर चढवत जाते, बोंड फुटतं, तंतू वाळतो, आतला जीव संपतो. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते ती गुणसूत्रांच्या हिशेबानेही वेगळी होते. जिवंत गुणसूत्रं सरकीतल्या अंकुराबरोबर जातात, रुईबरोबर जातात त्या रिकाम्या पेशी.

सरकीत गुणसूत्रं किती, ते जातीवर आहे. देशी कापसात 26, आज विदर्भभर दिसणाऱ्या अमेरिकन कापसात 52. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी दोन वेगळ्या कापसांचा संकर झाला आणि दोघांचे पूर्ण संच एकाच केंद्रकात नांदू लागले, त्यातून हे 52 आले. देशी आणि अमेरिकन यांचा थेट संकर केला तर 39 गुणसूत्रांचं झाड येतं. उगवतं, वाढतं, पण 39 च्या जोड्या लागत नाहीत म्हणून बी धरत नाही. दोन्ही कापसांचे गुण एकत्र आणू बघणाऱ्या संशोधकांसमोर हा अडसर कायमचा आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून नागपुरातच आहे.

एक झाड, दोन वारसे

काटोल, नरखेड, वरूडकडे संत्र्याची रोपवाटिका चालवणाऱ्याला गुणसूत्रांचा पत्ता व्यवहारात पक्का माहीत असतो. जंबेरीचं रोप वाढवायचं, जमिनीपासून वीतभर वर त्यावर संत्र्याचा डोळा भरायचा. पुढे त्या झाडाच्या मुळातल्या प्रत्येक केंद्रकात जंबेरीची 18 गुणसूत्रं आणि फांदीतल्या प्रत्येक केंद्रकात नागपुरी संत्र्याची 18. आकडा एकच, मजकूर वेगळा. डोळ्याच्या सांध्यावर दोन्ही पेशी एकमेकींना चिकटून पन्नास वर्षंही राहतील, पण सहसा गुणसूत्रांची सरमिसळ करून संकर होणार नाहीत. म्हणून आंबट जंबेरीच्या मुळावर गोड संत्रं लागतं.

पण मला त्याहून आवडते ती जंबेरीच्या बीची करामत. एका बीतून दोन-तीन-चार कोंब निघतात. त्यातला फार तर एक कोंब नर-मादीच्या मिलनाचा, 9 आणि 9 मिळून 18 झालेला. बाकीचे बीजांडातल्या आईच्या साध्या पेशींतून फुटलेले, म्हणजे आईची हुबेहूब प्रत. बाप नाहीच! रोपवाटिकेत वाफ्यातली वेगळी दिसणारी, खुरटी किंवा अवास्तव वाढलेली रोपं उपटून टाकतात. बहुतेकदा तीच मिलनातून आलेली असतात. उरतात ती एकसारखी, आईच्या वळणाची. केंद्रकात न डोकावता, नुसत्या नजरेने, गुणसूत्रांचा वारसा निवडणारी ही माणसं आहेत.

अंडं फोडा, ठिपका शोधा

घरात अंडं असेल तर ते बशीत फोडून बघा. बलक अखंड राहू द्या. बलकावर तीन-चार मिलिमीटरचा एक पांढुरका ठिपका दिसेल, नाही दिसला तर बलक हळूच फिरवा. हा सगळा बलक म्हणजे मुळात एकच अवाढव्य पेशी. तिच्यातलं बाकी सगळं अन्न, आणि कोंबडीने दिलेल्या 39 गुणसूत्रांची जागा तेवढ्या ठिपक्यात. कोंबड्याची 39 मिळाली तर 78 होऊन पिल्लू. माणसात मुलगा की मुलगी हे वडिलांच्या गुणसूत्रावरून ठरतं, कोंबड्यांत उलटं: नर की मादी हे आईकडून आलेल्या गुणसूत्रावर.

सावजी रस्सा डोळ्यांत पाणी आणत असताना कुणाला सुचणार नाही, पण कोंबडीच्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून रंगवला तर माणसाच्या रक्ताहून वेगळं चित्र दिसतं. प्रत्येक तांबड्या पेशीत लंबगोल केंद्रक! पक्षी, मासे, बेडूक, पाली, सगळ्यांच्या तांबड्या पेशी केंद्रक सांभाळतात. टाकून देण्याची रीत सस्तन प्राण्यांची. कन्हान नदीतल्या मासळीचं रक्त आणि तुमचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली एका नजरेत वेगळं ओळखता येतं.

दह्यातल्या जिवाणूंकडे तर केंद्रकच नाही. त्यांचं वर्तुळाकार गुणसूत्र पेशीतच, कुठल्याही आवरणाशिवाय, एका भागात गोळा होऊन असतं. बहुतेक जिवाणूंचं एकावर भागतं. पटकीच्या जंतूकडे मात्र दोन गुणसूत्रं आहेत, एक मोठं आणि एक लहान.

खर्ऱ्याची किंमत

कामठी विडीचीही. इथल्याच बाबू हरदास एल. एन. यांनी विडी मजुरांना संघटित केलं. तंबाखूच्या झाडात 48 गुणसूत्रं, तीही कापसासारखीच दोन रानटी जातींच्या संचांची बेरीज. पण तंबाखू आपल्या गुणसूत्रांचं काय करते, ते जास्त महत्त्वाचं आहे.

सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा तासन्‌तास गालात धरला जातो. त्या गालाच्या आतल्या पेशी लाकडी पट्टीने हलकेच खरवडून, रंगवून बघितल्या तर काही पेशींत मोठ्या केंद्रकाशेजारी एक चिमुकलं दुसरं केंद्रक दिसतं. सूक्ष्मकेंद्रक. पेशी विभागताना गुणसूत्राचा तुकडा तुटला किंवा अख्खं गुणसूत्र मागे राहिलं, की ते मुख्य केंद्रकात परतू शकत नाही. त्याच्याभोवती वेगळं आवरण तयार होतं आणि ते बाहेरच राहतं. त्याचं आवरण कच्चं असतं, सहज फाटतं, आतल्या गुणसूत्राची मोडतोड होत जाते, आणि कॅन्सरकडे नेणाऱ्या वाटांत ही एक ओळखीची वाट आहे. तंबाखू-सुपारी चघळणाऱ्यांच्या गालात अशी सूक्ष्मकेंद्रकं जास्त सापडतात, हे जगभरच्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ही तपासणी करायला सुईही लागत नाही. गालाचं अस्तर सतत नवं होत असतं, आणि खर्रा थांबवल्यावर नव्या थरांत नव्या पेशी येतात. म्हणून सोडायला उशीर झाला असं म्हणू नका. कोवळ्या पोरांना पानठेल्यावर पुड्या घेताना पाहिलं की पोटात कालवतं.

केंद्रकातले शेजार

केंद्रकाच्या आत तरी गुणसूत्रं कशीही पडलेली असतात का? मुळीच नाही. प्रत्येकाची ठरलेली हद्द असते. 18 वं आणि 19 वं गुणसूत्र लांबीला जवळपास सारखी. पण 19 व्यात जनुकांची दाटी, ते केंद्रकाच्या मध्याकडे. 18 व्यात जनुकं विरळ, ते कडेला. 1999 साली हे दाखवलं गेलं. 13, 14, 15, 21 आणि 22 ही पाच गुणसूत्रं आपली टोकं एकत्र आणून केंद्रकी तयार करतात, जिथे रायबोसोमचं साहित्य बनतं. रात्री फिरणाऱ्या उंदराच्या डोळ्यात मात्र ही मांडणी उलटी असते. गडद, बंद असलेला डीएनए एरवी कडेला असतो, तो मधोमध येतो, आणि त्यामुळे केंद्रक प्रकाश एकवटून पुढे पाठवतं. गुणसूत्रांची जागा बदलून प्राण्याने अंधारात बघण्याची सोय करून घेतली आहे.

तिरंगी मांजर, म्हणजे काळं-पांढरं-केशरी, जवळपास नेहमी मादीच असतं. मादीत दोन एक्स गुणसूत्रं. प्रत्येक पेशी त्यांतलं एक बंद करून केंद्रकाच्या कडेला आकसून ठेवते. हे 1961 साली मेरी लायन यांनी मांडलं. केशरी रंगाचं जनुक एक्सवर असतं. ज्या पट्ट्यात कोणतं एक्स बंद, तसा तिथला रंग. नेमकं जनुक कोणतं, ते 2025 मध्ये नक्की झालं.

आकड्यांचा मोह सुटत नाही म्हणून दोन नमुने. मेळघाट-ताडोब्याच्या जंगलात भुंकल्यासारखा आवाज काढणारं भेकर, त्याच्या मादीत फक्त 6 गुणसूत्रं आणि नरात 7, सस्तन प्राण्यांत सगळ्यात कमी. आणि सह्याद्रीतही उगवणारं ओफिओग्लॉसम हे बोटभर नेचं, त्यात सुमारे 1440. वाघाकडे 38, घरच्या मनीकडेही 38. आकडा मोठा म्हणून प्राणी मोठा, असं काही नाही. माणसाची संख्या तर तीस वर्षांहून जास्त काळ 48 च धरली जात होती. 46 हा आकडा 1956 साली तिजो आणि लेवान यांनी पक्का केला.

गुणसूत्रं सुटी-सुटी दिसतात ती पेशी विभागतानाच. एरवी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक म्हणजे नुसता एक गडद गोळा. ती सुटी बघायची तर कांदा घ्यावा. पाण्याच्या ग्लासावर कांदा ठेवला की दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटतात. सकाळी त्यांची टोकं कापायची, आम्लात किंचित गरम करायची, ॲसिटोकार्मिनमध्ये रंगवायची (हा लाल रंग निवडुंगावरच्या किड्यांपासून येतो), कव्हरस्लिप ठेवून वर टीपकागद, आणि अंगठ्याने सरळ दाबायचं. अंगठा घसरला की काम गेलं. नीट जमलं तर लाल काड्यांसारखी 16 गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत उभी दिसतात. बॉटनीच्या पहिल्या वर्षाला ज्याने ही रांग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, त्याला केंद्रक पुन्हा कधी नुसतं वर्तुळ वाटत नाही.

कामठीच्या दगडात

आता सगळ्यात जुना पत्ता. भूगर्भशास्त्रात 'कामठी' हे एका खडकसमूहाचं नाव आहे, याच गावावरून पडलेलं. वाळूचे हे दगड सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीचे, इथल्या कोळशाच्या थरांच्या वर बसलेले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी कामठी आणि सिल्लेवाडा भागातून पानांचे जीवाश्म गोळा केले. ते लंडनला गेले आणि 1861 साली चार्ल्स बनबरी यांनी त्यांचं वर्णन छापलं. त्यातलं मुख्य झाड ग्लॉसॉप्टेरिस, जिभेच्या आकाराच्या पानांचं. भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका एकेकाळी जोडलेले होते, याच्या पुराव्यांत हे पान अग्रभागी आहे.

कामठीच्या दगडात पानाच्या शिरांची जाळी स्वच्छ दिसते, पेशीच्या आतलं काही दिसत नाही. पण याच ग्लॉसॉप्टेरिसच्या ऑस्ट्रेलियातल्या, क्वीन्सलँडच्या जीवाश्मात 2003 साली संशोधकांना परागनलिका आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या पोहणाऱ्या शुक्रपेशी सापडल्या. शुक्रपेशी म्हणजे मुख्यतः केंद्रकच. आणि 2014 मध्ये स्वीडनमधून त्याहून अचाट बातमी आली. 18 कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लोंढ्यात झटक्यात गाडल्या गेलेल्या एका नेच्याच्या खोडात पेशी जशाच्या तशा होत्या, केंद्रकं जागेवर होती, आणि काही पेशी ऐन विभाजनात थिजलेल्या, गुणसूत्रांसकट. संशोधकांनी त्या केंद्रकांची मापं घेतली आणि त्याच कुळातल्या आजच्या नेच्यांच्या केंद्रकांशी ताडून पाहिली. मापं जुळली.